टोपाखालची दहा मिनिटं

ड्यूटी संपली की वॉर्डातल्या सिस्टर दहा मिनिटं यंत्राचा टोप डोक्यावर घेऊन बसायच्या. टोप त्यांच्या मनातून त्या दिवशीचे मृत्यू पुसून टाकायचा. मग त्या हलक्या होऊन घरी जायच्या.

सकाळी सिस्टर इंदुमती गोळ्या वाटत होत्या, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ दारात आले.

"बाई, उद्या शेवंताचं तेरावं. जेवायला या."

"कोण शेवंता, काका?"

"इतक्यात विसरलात होय? माझी लेक! तिचा हात शेवटी तुमच्याच हातात होता. मी वेळेत पोचलो नाही. ती काय बोलली, ते तिचे दिवस झाल्यावर सांगते म्हणाला होतात."

इंदुमतींनी खिशातली वही काढली. अक्षर त्यांचंच होतं. 'शेवंताचे वडील येतील. तिचं बोलणं सांगायचं.' पुढचं पान कोरं होतं.

"काका, माझ्या मनातून ते पुसलं गेलं हो."

"म्हणजे आज पुन्हा गेली ती," म्हातारे म्हणाले आणि भिंत धरून निघाले.

संध्याकाळी बाकीच्या सिस्टर टोपाखाली बसल्या. इंदुमती मात्र वॉर्डात दुपारी गेलेल्या एका आजीचं शेवटचं बोलणं, ओवी घोळवावी तसं ओठांवर घोळवत, रडत रडत घरी निघाल्या.