उघडं प्यादं

"कान चोळतोय," कसुज्जा स्पर्धेच्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून बघत पुटपुटला. "आता वजीर निघणार."

खिडकीखाली शेंगदाणे विकणाऱ्या बाईने विचारलं, आत कोण खेळतंय तुमचं? बुद्धिबळाचे काळे मोहरे घेऊन बसलेल्या पोरीला आपण शिकवलंय, असं तो म्हणाला. फुकट? फुकट. का म्हणून?

"माझीच गरज आहे, बाई."

कसुज्जा मसाका गावातला न्हावी. नास्सुना याच सत्रात पलीकडच्या गल्लीत आजीकडे राहायला आली होती. गिऱ्हाईक नसलं की तो तिला दुकानात पटासमोर बसवायचा. तिच्यासमोरचा लुबोवा निवासी शाळेतला. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या एकाही पोराने त्याला हरवलं नव्हतं. त्याचं नाव ऐकूनच नास्सुनाने सकाळी जेवण टाकलं होतं.

आजही लुबोवाच जिंकला, तर एक पोर बुद्धिबळ कायमचं सोडणार, हे कसुज्जाला ठाऊक होतं.

वाटेत तिने विचारलं होतं, "काका, मी कडेचं प्यादं उघडं ठेवलं, तरी तो ते खाईलच कशावरून?"

"न्हाव्याच्या हाताखालून डोकी जातात, पोरी. आतलंही थोडं कळतं. नाही खाल्लं, तर मी वस्तरा ठेवून केळी भाजायला बसेन."

"तुमची केळी करपतात, काका."

आत पांढरा वजीर निघाला आणि कडेजवळचं उघडं प्यादं गिळून बसला. नास्सुनाने घाई केली नाही. शांतपणे घोडा कडेला नेला. वजिराला परतायला एकही घर उरलं नाही.

आणखी थोड्या चाली झाल्या. मग लुबोवाने आपला राजा आडवा केला.

नास्सुना धावत बाहेर आली आणि कसुज्जाच्या कमरेला बिलगली. बाईने मूठभर शेंगदाणे तिच्या हातात कोंबले. त्या हरलेल्या पोराचंही कुणीतरी डोकं कुरवाळा म्हणावं, असं ती म्हणाली.

तेवढ्यात लुबोवा दारात आला. डोळे लाल, पण चेहरा फुललेला. तो थेट खिडकीपाशी आला.

"बाबा," तो कसुज्जाचा हात ओढत म्हणाला, "मला हरवणारं कुणी नाही, म्हणून खेळ सोडतो म्हणालो होतो ना? नाही सोडत. हिला सुट्टीत आपल्या दुकानात बोलवा."