यरीहोचा तट

दुसरं कडवं सुरू झालं आणि भिंतीपलीकडे मशीन धडधडू लागलं.

"लावलं बघा शेठने!" कमळाबाईने खंजिरी डोक्यावर उचलली. "गा रे! मोठ्याने गा!"

मग खोलीभर माणसं अशी गायला लागली, की शेजारच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं असेल. भिंतीच्या एका बाजूला पत्रा कापायचं मशीन, दुसऱ्या बाजूला कमळाबाईचा गळा. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकत होतं, ठक ठक ठक. ठोकू दे! तिसऱ्या कडव्याला मशीन बंद पडलं.

"हालेलूया!" कमळाबाईचा नवरा किसन उडी मारून उभा राहिला. उरलेली उपासना त्यांनी त्याच चढ्या आवाजात केली.

ही माणसं कामाला होती तो अंबरनाथचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून बहुतेकांच्या घरी हातातोंडाची गाठ पडत नव्हती. उपासनेला जागा नव्हती. दोन घरमालकांनी आधीच हाकललं होतं. उल्हासनगरातली ही खोली फक्त रविवारपुरती मिळाली, तीसुद्धा दम भरून. "शेजाऱ्याची एक तक्रार आली, की तुम्ही रस्त्यावर," समोरच राहणाऱ्या घरमालकाने बजावलं होतं.

म्हणून सुरुवातीला सगळं कुजबुजत चालायचं. पाळक हिरामण साळवे तर चोरून बिडी ओढावी तशी चोरून प्रार्थना करायचे. कमळाबाईचा जीव गुदमरायचा. आठवडाभर ती लोकांची धुणीभांडी करायची आणि घरी बसलेल्या नवऱ्याला धीर द्यायची. रविवारी देवापुढे गळा मोकळा केला, की तिला पुढच्या आठवड्याचं बळ यायचं. ते बळ कुजबुजून कसं मिळायचं?

शेजारी म्हणजे टेकचंद शेठ. भिंतीला लागून त्याचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना आणि वर, थेट यांच्या डोक्यावर, त्याचं घर. एका रविवारी तो दारात येऊन उभा राहिला. गाणं सगळ्यांच्या तोंडातच विरलं.

"माफ करा, शेठ," हिरामण हात जोडून म्हणाले. "आवाज होतोय का? अजून हळू गातो आम्ही."

शेठने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खोलीतल्या घाबरलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि न बोलताच निघून गेला.

"गेला मालकाकडे," किसन म्हणाला.

पण तक्रार झालीच नाही. पुढच्या रविवारी मशीन सुरू झालं, तेही ऐन गाण्याच्या वेळी. कामगारांना सुट्टी, कारखान्यात चिटपाखरू नाही, आणि शेठ स्वतः बटण दाबतोय!

"हा मुद्दाम करतो," कमळाबाई म्हणाली, आणि तिचं टाळकंच सरकलं. खोली गेली तर गेली, असं म्हणून तिने आवाज चढवला. बाकीचे घाबरत घाबरत मागून आले. थोड्या वेळाने मशीन थांबलं.

हिरामणना तिथेच वचन आठवलं. "यरीहोचा तट कसा पडला? लोकांनी आरोळी ठोकली! लढाई परमेश्वराची आहे!"

तेव्हापासून रविवारला रंग चढला. खचलेली माणसं तासभर आधी येऊन बसायला लागली. हेंद्रेपाड्याहून शालन ढोलकी घेऊन यायला लागली. दर रविवारी मशीन लागायचं, वरून ठोकणं सुरू व्हायचं, हे सगळे आरोळी ठोकायचे आणि मशीन हरायचं. घरमालक एकदा शेठला विचारून आला, पण यांना काही बोलला नाही.

"प्रभूने त्याचं तोंड बंद केलं," कमळाबाई म्हणाली. "आता मशीनपण कायमचं बंद करायचं. शुक्रवारी सगळ्यांनी उपास धरायचा, आपापल्या घरी. कडक!"

"आपल्याला उपासाची प्रॅक्टिस आहेच," किसन म्हणाला. सगळे खूप दिवसांनी पोट धरून हसले.

शुक्रवारी कुणी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. दिवसभर एकच मागणं होतं, देवा, पलीकडचा आवाज थांबव.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सगळ्यांचे कान भिंतीकडे. मशीन नाही. वरून ठोकणंही नाही. कमळाबाईने खंजिरी उंच धरली.

"पडला!" ती ओरडली. "तट पडला!"

मग काय विचारता! शालनने ढोलकी बडवली, किसन नाचला, हिरामणनी उपदेश गुंडाळून ठेवला आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. कमळाबाई रडत होती, गात होती, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात टेकचंद शेठ दारात आला. अंगात पांढरे कपडे, पाय अनवाणी. या वेळी मात्र कुणीही गप्प बसलं नाही.

"या शेठ, आत या!" कमळाबाई डोळे पुसत पुढे गेली. "राग नाही आमचा. आम्ही उपास केला, प्रभूने ऐकलं. तुमचं मशीन बंद झालं!"

"हां बाई, बंद केलं," शेठ म्हणाला. "अम्मां होती माझी, वर. दोन साल खाटेवर. कानाने कमी ऐकायची. तुमचं भजन तिला पसंद, पण तुम्ही इतकं आहिस्ता गायचे. जोरात गा, एवढंच बोलायला आलो होतो त्या दिवशी. मला बघून तुम्ही आणखीनच चूप! मग काय करणार? मशीन लावलं की तुम्ही जोरात गायचे, म्हणून लावत होतो. तुमचा आवाज चढला की बंद करायचो. अम्मां काठीने ताल धरायची."

ढोलकी थांबली होती.

"शुक्रवारी संध्याकाळी गेली," शेठ म्हणाला.