दारामागची पिशवी

घरातील प्लास्टिक कायमचे हद्दपार करावयाचे, असा आमच्या सोसायटीने निश्चय केला. त्यास अनुसरून मी स्वयंपाकघराच्या दारामागील, पिशव्यांनी भरलेली थोरली पिशवी खाली उतरविली.

"अहो, दुकान थाटायचं होतं का? किती साठवल्यात!" असे म्हणून पत्नी हसली व तान्ह्या मुलीपाशी आतल्या खोलीत गेली.

पंखा बंद होता. खिडकीही लावलेली होती. तथापि ती पिशवी संथपणे फुगत होती आणि संथपणे बसत होती.

आतून झोपलेल्या मुलीच्या सर्दीची बारीक घरघर ऐकू येत होती. पिशवी त्याच लयीत फुगत होती.

योगायोग असेल, अशी मी मनाची समजूत घातली. खाली कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. मी गुडघा रोवून पिशवीतील हवा काढली आणि करकचून गाठ मारली.

घरघर थांबली.

"अहो, लवकर या! ही श्वासच घेत नाहीये!"

मी गाठीस नखे लावली, दात लावले. ती सुटेना. अखेरीस सुरी उचलून तिचे टोक पिशवीस टेकविले.

आतून पत्नी किंचाळली, "अहो, हिच्या पोटावर हा ओरखडा कसला उठतोय?"