परत द्यायची वाटी

वालाच्या कालवणाला उकळी फुटली आणि प्रेमला पळी धरून तशीच थांबली. आज सोमवार, तिचा उपास. तिखटमीठ बरोबर पडलंय का, ते तिला चाखून बघता येत नव्हतं.

एरवी सोमवारी हरिभाऊच चुलीपाशी येत. तळहात पुढे करत, फुंकर घालून थेंबभर रस चाटत आणि म्हणत, "चिमूटभर टाक अजून." पण इस्पितळातून घरी आल्यापासून सोळा दिवस तो तळहात खाटेवर पालथा पडला होता. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी तेल बंद केलं, खोबरं बंद केलं, मीठ नावापुरतं ठेवलं. तेव्हापासून ताट गेलं तसं परत येई. दोन घास गिळून नवरा म्हणे, "हे आजाऱ्याचं पाणी तूच पी," आणि भिंतीकडे तोंड करी. उशाचा ट्रान्झिस्टरही त्यांनी लावला नव्हता. बंडी अंगावर नुसती लोंबत होती.

"जेवत नसतील तर परत आणून दाखल करा," डॉक्टरांनी परवाच बजावलं होतं. "सलाईनवर ठेवावं लागेल."

दारापर्यंत जाऊन ती मागे वळली होती. "डॉक्टर, मिरची चालेल का हो?"

"मिरचीचं काय एवढं बाई? तेल आणि मीठ सांभाळा."

तेवढ्या एका वाक्यावर तिनं आजचा स्वयंपाक मांडला होता. वाल मोड आणून सोलले. कांदा निखाऱ्यात भाजला, त्याच्याशेजारी चार हिरव्या मिरच्या, साल काळी पडेपर्यंत. आलं, ओला लसूण आणि मिरी पाट्यावर गंधासारखी वाटली. तेलाचा थेंब नाही. मिठाची उणीव लिंबानं झाकली. टोपावरचं झाकण काढलं तर ठसक्यानं तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण वास म्हणजे चव नव्हे. आणि आज चुकून चालणार नव्हतं.

तिनं वाटीत कालवण घेतलं आणि मागच्या दारानं केळीतून कुंपणापाशी गेली. पलीकडच्या वाडीत क्लेमेंटीन मुळ्याच्या जुड्या बांधत होती.

"क्लेमेंटीन, जरा तोंडात घालून बघ ना. माझा सोमवार आहे."

क्लेमेंटीननं लुगड्याला हात पुसला आणि तळहातावर रस घेतला. चाटला. मग नाक ओढलं, डोळे पुसले.

"बाय माझे! काय घातलंस काय यात? जीभ पेटली!"

"जास्त झालं का?"

"कोण म्हणतं जास्त झालं? घाल अजून थोडं हातावर."

"आणि मीठ?"

"मिठाची आठवण कोणाला राहते! मरायला टेकलेला माणूस उठून बसेल गं यानं..." क्लेमेंटीननं जीभ चावली. "जा बाय, हरिभाऊंना दे. गरम आहे तंवर."

प्रेमला वाटी सांभाळत परत आली. ताटात वाफेचा भात वाढला, शेजारी ती वाटी ठेवली आणि ताट खाटेजवळच्या पाटावर नेऊन ठेवलं.

हरिभाऊंनी भिंतीकडे तोंड केलं नाही. ते वाटीकडे बघत राहिले. मग बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं. उठून नीट मांडी घालून बसले आणि भातावर अर्धी वाटी ओतली.

प्रेमला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि मनात महादेवाचं नाव घेत राहिली. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते खोकले, पाणी प्याले आणि भात मागितला. शेवटी वाटी बोटानं पुसून घेतली आणि सोळा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून हसले.

"याला म्हणतात जेवण! क्लेमेंटीनच्या हाताला चव आहे हो."

प्रेमलाला क्षणभर काही कळलंच नाही.

"खिडकीतून दिसलीस मला, कुंपणावरून वाटी घेऊन येताना. लपवतेस कशाला? मी काय डॉक्टरला सांगायला जाणार होतो?"

तिचे ओठ हलले.

"तुझी सारी हयात गेली चुलीपुढे, पण हे तुला नाही जमलं कधी." ते पुन्हा आडवे झाले, या खेपेला तिच्याकडे तोंड करून. "उद्याही माग तिच्याकडे. तिच्या हातचं असलं तर जेवीन मी."

सोमवारी ती खोटं बोलत नसे. आणि खरं सांगितलं तर उद्याचं ताट परत येणार होतं.

तिनं ताट उचललं, तोवर मागून हाक आली.

"अगं, आणि शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये. चाफ्याची दोन फुलं ठेव वर."

मोरीत बसून तिनं वाटी घासली. काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'सौ. प्रेमलता हरिश्चंद्र चुरी'. लग्नातली वाटी. राखेनं घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

तिनं वाटी कोरडी केली. देवापुढची वाहिलेली फुलं तशीच राहू दिली, झाडाची दोन ताजी तोडली आणि वाटीत ठेवली.

खाटेवरून मागचं अंगण दिसतं हे तिला आता ठाऊक झालं होतं. अंगण ओलांडून ती नीट कुंपणाच्या वाटेला लागली आणि केळीच्या आड गेली. क्लेमेंटीन जुड्या घेऊन बाजाराला निघून गेली होती. पलीकडे कोणी नव्हतं.

एक वाटी परत करून, चार शब्द बोलून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ प्रेमला तिथं फुलं घेऊन उभी राहिली.