इथे अशी कोणी राहत नाही

दवाखान्याच्या फळ्यावरून तिचा फोटो कुणीतरी काढला होता. बाकीचे स्वयंसेवक जागच्या जागी हसत होते. तिच्या जागी नुसती टाचणी.

"रंग उडाला होता," डॉक्टरीणबाई नजर न उचलता म्हणाल्या. "दुसरा लावू."

फोटो लावून जेमतेम महिना झाला होता. पण नव्या देशात उगाच कशाला खोदून विचारायचं?

तिकडे ती मोठ्या इस्पितळात नर्स होती. इथे बिनपगारी मलमपट्ट्या करत होती आणि मनापासून रुळत चालली होती. 'दुखतंय का', 'श्वास घ्या' एवढी भाषा जिभेवर बसली होती. बस उलट्या बाजूने येते, हेही अंगवळणी पडलं होतं. म्हाताऱ्या घरमालकिणीला तिने 'काकू' म्हणायला सुरुवात केली, तर म्हातारी स्वतःच दार वाजवून "काकू आली" म्हणायला लागली. पहिल्या दिवशी लस टोचताना डॉक्टरीणबाईंना तिच्या दंडावरचे चटक्यांचे जुने डाग दिसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. ते तिला बरं वाटलं होतं.

आता मात्र सगळ्यांचं वागणं बदललं होतं. दवाखान्याच्या ड्रायव्हरला सगळे 'मिशी' म्हणत. तो रोज तिला वेगळ्याच रस्त्याने न्यायला लागला.

"नेहमीचा रस्ता खणलाय."

तिने रविवारी चालत जाऊन पाहिलं. रस्ता धडधाकट होता.

मग एप्रनवरची नावाची पट्टी गेली. तिचे कपडे बाल्कनीत वाळत घालायला काकूंनी मनाई केली. पासपोर्ट 'नोंदणीसाठी' म्हणून डॉक्टरीणबाईंच्या कपाटात गेला. ती खोलीत शिरली की बोलणी थांबायची आणि कुणीतरी हवापाण्याचा विषय काढायचं.

एका दुपारी ती जिन्यात होती. खाली काकू दाराच्या फटीतून कुणाशी तरी बोलत होत्या.

"इथे अशी कोणी राहत नाही."

दार लागलं, कडी सरकली.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"पत्ता चुकला होता." काकूंनी कडी पुन्हा ओढून पाहिली.

त्या संध्याकाळी तिने दादाला फोन लावला. सासर सोडताना तिने फक्त दादाला सांगितलं होतं, आईलासुद्धा नाही. त्यालाही शहराचं नाव तेवढं माहीत होतं.

"चिमणे, मला हे लक्षण बरं दिसत नाही," सगळं ऐकून तो म्हणाला. "पासपोर्ट काढून घेतला, फोटो काढला. उद्या तू नाहीशी झालीस तर तू तिथे होतीस हे कोण सांगणार?"

तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"मी स्वतः येतो. नेमकी राहतेस कुठे, ते सांग."

पत्ता कुणालाही द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण दादा म्हणजे काही 'कुणी' नव्हे. तिने सांगितला.

दादा शब्दाला जागला. शनिवारी सकाळीच त्याचा फोन आला. तो कोपऱ्यावर, बेकरीपाशी उभा होता.

ती पिशवी घेऊन खाली उतरली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"कुठे?"

"भाजी आणते."

काकूंनी पिशवीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. "थांब. मिशीला बोलावते. एकटी नको."

आता तर खात्रीच पटली. तिने म्हातारीला बाजूला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणावर हात टाकला होता. कडी काढून ती धावत सुटली.

मागून काकू अनवाणी पळत येत होत्या. फाटक्या आवाजात तिचं नाव घेत होत्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना काहीतरी सांगत होत्या. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बेकरीपाशी काळ्या काचांची गाडी होती आणि गाडीला टेकून दादा. किती दिवसांनी घरचं माणूस दिसत होतं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि साठलेलं सगळं रडून घेतलं. दादा तिला थोपटत राहिला, अगदी लहानपणी थोपटायचा तसं.

मग त्याने तिची पिशवी डिकीत टाकली, मागचं दार उघडलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बस आत. भावोजींनी सगळं माफ केलंय."