न लढलेली कुस्ती

हल्ली कुस्त्या होतच नसत. एक यंत्र पैलवानांचे स्नायू, रक्त आणि काळीज तपासून निकाल देई. यंदा त्याने उर्मिला पिसाळला राज्यात सर्वश्रेष्ठ ठरवलं, रेहाना मुलाणीला दुसरी.

गळ्यात पडलेलं पदक उर्मिलाने काढून पंचांच्या हातात ठेवलं.

"रेहानाशी मी भिडलेच नाही. मग श्रेष्ठ कशी?"

"यंत्र चुकत नाही, पोरी."

"मग बघूनच घ्या की!"

रेहानाचा हात धरून ती बाहेर मैदानात गेली. पंच ओरडत राहिले, पण सगळे प्रेक्षक दोघींच्या मागोमाग निघाले.

रेहानाने बघता बघता उर्मिलाला चीत केलं.

उर्मिला पाठीची माती न झटकताच उठली. तिने हसत शड्डू ठोकला.

"ये रेहाना, आता पुन्हा!"