पहिली टाळी

"तुमच्या टीमच्या पिवळ्या टी-शर्टवर शर्ट घाला. तुमचा गोल झाला तर हात मांडीखाली दाबून बसा." पेठेच्या संघाविरुद्धची फुटबॉलची फायनल बघायला गडहिंग्लजहून कोल्हापुरात आलेल्या पाहुण्याला मिसळवाल्या हिंदुरावांनी दरवर्षीचा सल्ला दिला.

पाहुण्याचा घास हातातच राहिला. "माझं पोरगं गोलकीपर हाय. त्यानं बॉल अडवला तरी टाळी वाजवायची न्हाई?"

"वाजवा की! टाके घालून घरी जावा," बाकावरची पेठेतली पोरं खिदळली.

हिंदुरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत रस्सा वाढायचा, भाईर डोकी फोडायची! ही पेठेची रीत व्हय रं? अन् मी येड्यागत पाव्हण्यालाच लपायला शिकवतोय!" पोरांना हुसकून त्यांनी भर धंद्याच्या वेळी शटर ओढलं.

"चला पाव्हणं, तुमच्याशेजारी बसतो. पहिली टाळी मी वाजवतो. बघू कोण दगड उचलतंय."